कानातला मित्र आणि त्याची प्रसिद्धी

कामावरून थेट इथे आलेली बरीच मंडळी दिसतायत, तेव्हा प्रस्तावना लांबवत नाही. आज मला एका पॉडकास्टविषयी बोलायचंय आणि त्या निमित्तानं एका प्रश्नाविषयी. पॉडकास्ट करणारा माणूस प्रसिद्ध होत जातो, तेव्हा त्याला ती प्रसिद्धी पेलली का, हे आपण कशावरून ठरवतो? त्याच्या गाडीवरून, फॉलोअरच्या आकड्यावरून, फार तर त्यानं दिलेल्या मुलाखतींवरून. माझं म्हणणं असं आहे की ते खुद्द कार्यक्रमात ऐकू येतं. तो कसा सुरुवात करतो, स्वतःबद्दल काय सांगतो, काय सांगत नाही, कुणाला किती वेळ देतो, यात ते सगळं असतं. समीक्षेनं तिथे कान लावला पाहिजे.

आधी एक कबुली. कार्यक्रमाचं नाव 'डब्ल्यूटीएफ विथ मार्क मॅरन'. पहिल्या तीन अक्षरांचा विस्तार ज्यांना ठाऊक आहे ते हसतायत, बाकीच्यांनी घरी गेल्यावर शोधावा. (हशा) मॅरन हा अमेरिकन स्टँडअप कॉमेडियन. त्याचा पॉडकास्ट मी बरीच वर्षं ऐकत आलो. भांडी घासताना, लोकलमध्ये, झोप येत नसताना. 2025च्या जूनमध्ये त्यानं जाहीर केलं की आपण हा कार्यक्रम बंद करतोय. तेव्हा मला पहिल्या क्षणी काय वाटलं सांगू? राग आला. असं कसं? आपल्याला विचारलंसुद्धा नाही! पुढच्या क्षणी माझं मलाच हसू आलं. तो मला ओळखत नाही. मी त्याला एक ओळ कधी लिहिलेली नाही. पण राग आला, हे खरं. आणि हा राग लाखो लोकांकडून रोज एका माणसाच्या दिशेनं जात असेल तर त्या माणसाचं काय होत असेल, हा विचार मला तिथून सुरू झाला.

या नात्याला नाव मिळून बरीच वर्षं झाली. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकन अभ्यासकांनी 1956 साली एक लेख लिहिला. रेडिओ आणि टीव्हीवरचा निवेदक थेट आपल्याशी बोलल्यासारखा बोलतो, आणि ऐकणाऱ्याला खरोखरच ओळख झाल्यासारखी वाटते. या एकतर्फी ओळखीला त्यांनी 'पॅरासोशल' म्हटलं. इंटरनेटचा मागमूस नव्हता तेव्हाची ही गोष्ट. त्यांच्या लेखात एका रेडिओ कार्यक्रमाचं उदाहरण आहे, 'द लोनसम गॅल'. एक बाई रात्री माइकवर यायची आणि ऐकणारा एकच एकटा पुरुष आहे, अशा सुरात बोलायची. तिला हजारो पत्रं यायची, त्यांत लग्नाच्या मागण्या असायच्या. आता गंमत बघा. ही बाई, जीन किंग तिचं नाव, लोकांसमोर यायची वेळ आली की चेहऱ्यावर मुखवटा चढवून यायची. आवाज तुमचा, चेहरा माझा, असा सरळ हिशोब.

हा मुखवटा लक्षात ठेवा. आपल्याकडे त्याचं भावंड आहे. नारदीय कीर्तनात बुवा उभे राहतात ती नारदाची गादी. पूर्वरंग संपला की बुवांना हार घालतात, बुक्का लावतात, कीर्तन संपल्यावर लोक पायाही पडतात. पण समजूत अशी की हे सगळं त्या गादीला आहे. गोविंदबुवा असोत की गणेशबुवा, ते घरी जाताना हार काढून पिशवीत टाकतात आणि एसटीत बसतात. सगळेच बुवा असं करू शकले असं मी म्हणत नाही. पण रचनेत सोय होती. लोकांचं प्रेम झेलायला मधे काहीतरी होतं, ते थेट माणसाच्या अंगावर पडत नव्हतं.

पॉडकास्टनं ही मधली वस्तू काढून टाकली. त्याची जाहिरातच ती आहे. इथे गादी नाही, मेकअप नाही, संपादक नाही, मी जसा आहे तसा. आणि मॅरन हा 'जसा आहे तसा'चा पहिल्या फळीतला माणूस.

थोडा इतिहास सांगतो, कारण तो कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. 2009 साली मॅरन पंचेचाळिशीत होता. दोन घटस्फोट, दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनातून बाहेर आलेला, बरोबरीचे लोक पुढे निघून गेलेले आणि 'एअर अमेरिका' या रेडिओ कंपनीतली नोकरी गेलेली. त्याच कंपनीच्या स्टुडिओत, कामाची वेळ संपल्यावर गुपचूप जाऊन, ब्रेंडन मॅकडॉनल्ड या निर्मात्याबरोबर त्यानं सप्टेंबरमध्ये रेकॉर्डिंग सुरू केलं. पुढे हे सगळं लॉस एंजेलिसमधल्या हायलँड पार्कच्या त्याच्या घरी, गॅरेजमध्ये गेलं. आठवड्याला दोन भाग, सोमवारी आणि गुरुवारी. सुरुवातीला तो एकटा दहा-पंधरा मिनिटं बोलायचा. मांजरं, आईबाप, कुणाशी झालेलं भांडण, आज सकाळी आलेली चीड. मग पाहुणा. सुरुवातीचे पुष्कळ पाहुणे विनोदवीर, आणि त्यांतल्या कित्येकांबद्दल याच्या मनात जुनी अढी. मुलाखत म्हणजे अर्धी माफी आणि अर्धा हिशोब. हेच ऐकायला लोक आले. एक अयशस्वी, खडूस, हुशार माणूस गॅरेजमध्ये बसून यशस्वी लोकांना विचारतोय: तुझं जमलं, माझं का नाही?

मग या कार्यक्रमामुळेच त्याचं जमलं. इथे माझ्या मते खरी अडचण सुरू होते.

2013पासून टीव्हीवर 'मॅरन' नावाची मालिका आली, त्यात तो स्वतःचंच एक रूप करायचा. पुढे 'ग्लो'मध्ये चांगली भूमिका मिळाली. आणि 2015च्या जूनमध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा त्या गॅरेजमध्ये येऊन बसले. सुरक्षारक्षक शेजाऱ्याच्या छपरावर, गल्ली बंद, आणि आत दोन खुर्च्या. दोनच दिवसांपूर्वी चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ कृष्णवर्णीय माणसांना गोळ्या घातल्या गेल्या होत्या. त्यामुळे तो भाग वर्णद्वेषावरच्या गंभीर बोलण्यासाठी जगभर बातमीत आला. आता मला सांगा, ज्याच्या गॅरेजमध्ये राष्ट्राध्यक्ष येतात, त्यानं पुढच्या गुरुवारी 'मला कुणी विचारत नाही' हा सूर कसा लावायचा?

मॅरननं तो लावला. हा मी त्याचा दोष मानतो. 2015 नंतरचे काही भाग ऐकले तर ती सुरुवातीची पंधरा मिनिटं सवयीची वाटतात. चीड आहे, पण कशावर हे त्यालाच सापडत नाही. गरिबी गेली तरी गॅरेजचा नूर सांभाळायचा. बिनमुखवट्याचा चेहराच आता मुखवटा झाला होता, आणि तो रोज धुऊन-पुसून चढवावा लागत होता. प्रसिद्धी वाढल्यावर लोक म्हणतात, 'तू बदलू नकोस हं'. प्रेमानंच म्हणतात. पण ती मागणी क्रूर आहे. बदललेल्या माणसाला न बदलल्याचं नाटक करायला लावणारी आहे.

'जसा आहे तसा' या दाव्याची दुसरी मर्यादा त्याच्याच कार्यक्रमात उघडी पडली. 2010 साली त्यानं लुई सी. के. या मित्राबरोबर दोन भागांत मुलाखत केली. तुटलेल्या मैत्रीबद्दलची ती मुलाखत पॉडकास्टच्या इतिहासातल्या उत्तम मुलाखतींपैकी एक म्हणून वर्षानुवर्षं सांगितली गेली. 2017च्या नोव्हेंबरमध्ये सी. के.च्या लैंगिक गैरवर्तनाची बातमी न्यूयॉर्क टाइम्सनं छापली आणि त्यानं ते कबूल केलं. मॅरन नंतर माइकवर आला आणि म्हणाला, मी त्याला या अफवांबद्दल विचारलं होतं, त्यानं नाही म्हटलं, मी मित्रावर विश्वास ठेवला. तो भाग ऐकण्यासारखा आहे. आपण ज्याला जवळीक म्हणतो ती दोन माइक आणि दोन तास यांनी तयार होते. पण ती सत्याची हमी देत नाही. होस्टला मित्र फसवतो, आणि होस्टवर विश्वास ठेवणारे लाखो लोक त्याच फसवणुकीचे वारस होतात. मॅरननं तिथे स्वतःला सोडलं नाही. आपल्याला विश्वास ठेवणं सोयीचं होतं, हेही त्यानं बोलून टाकलं. मघाशी दोष सांगितला, तेव्हा हेही सांगायला हवं.

आता ज्या भागामुळे मी हे व्याख्यान द्यायला तयार झालो, त्याकडे येतो. 2020च्या मे महिन्यात मॅरनची जोडीदार, दिग्दर्शिका लिन शेल्टन, आजारपणात अचानक गेली. शनिवारी ती गेली आणि सोमवारी भाग आला. मी ऐकायला घाबरत होतो. वाटलं, आता हा दुःखाचं काय करणार? माणूस माइकसमोर रडतो, तेव्हा ऐकणाऱ्याला आपण फार जवळ आहोत असं वाटतं, आणि त्या जवळिकीला बाजारात भाव आहे. तो रडला. आवाज फुटत होता, वाक्यं पुरी होत नव्हती. पण थोडं बोलून त्यानं काय केलं, तर 2015 साली ती पाहुणी म्हणून आली होती, ती जुनी मुलाखत लावली. दोघांची पहिली मोठी भेट. पुढे कितीतरी वेळ तिचं हसणं, तिचं काम, तिच्या सिनेमांविषयीचं बोलणं.

इथे प्रसिद्धी पेलणं म्हणजे काय, ते मला ऐकू आलं. त्या दिवशी त्याच्याकडे लाखो कान होते, सहानुभूतीनं भरलेले. ते कान त्यानं स्वतःकडे न ठेवता तिच्याकडे वळवले. ही नुसती भलाई नाही, हा रचनेचा निर्णय आहे. कोणता आवाज किती वेळ वाजवायचा, याचा. म्हणून म्हटलं की हे समीक्षेचं काम आहे.

उलट्या बाजूचं उदाहरण घेऊ. 2014च्या ऑक्टोबरात 'सीरियल' सुरू झाला. सारा केनिग ही अनुभवी रेडिओ पत्रकार. विषय 1999 साली बाल्टिमोरमध्ये झालेला खून. हे-मिन ली नावाची शाळकरी मुलगी मारली गेली आणि अदनान सय्यद या तिच्या माजी मित्राला जन्मठेप झाली. बारा भाग. केनिग आपले संशय, आपली दोलायमान मनःस्थिती मोठ्यानं बोलत गेली. आज मला तो निर्दोष वाटतो, उद्या वाटत नाही. पाहता पाहता पॉडकास्ट हा शब्द ज्यांना माहीत नव्हता तेही ऐकू लागले. डिसेंबरात तर 'सॅटर्डे नाइट लाइव्ह'वर केनिगच्या बोलण्याची नक्कल झाली. तिची लकब घराघरात पोचली.

तिनं काही वाईट केलं असं मी म्हणत नाही. तपास प्रामाणिक होता. पण 'मी'च्या आवाजात गोष्ट सांगितल्यानं ऐकणाऱ्याला वाटलं की आपणही तपासात आहोत. हजारो हौशी गुप्तहेर जमले. साक्षीदारांची खरी नावं, पत्ते, आयुष्य चिवडायला लागले. म्हणजे होस्टला मिळालेल्या प्रसिद्धीचे शिंतोडे अशा लोकांवर उडाले, ज्यांनी ती कधी मागितली नव्हती. ज्या घरानं मुलगी गमावली, त्या घराला पंधरा वर्षांनी पुन्हा सगळं ऐकावं लागलं. सय्यदची शिक्षा 2022 साली रद्द झाली, 2023 साली अपील न्यायालयानं पुन्हा लागू केली आणि 2025 साली न्यायाधीशांनी भोगलेली कैद पुरेशी मानली, दोष मात्र कायम राहिला. गोष्ट बारा भागांत संपली, खटला संपला नाही.

केनिग यातून काय शिकली, ते तिच्या पुढच्या कामात दिसतं. 2018च्या तिसऱ्या पर्वात ती क्लीव्हलंडच्या न्यायालयाच्या इमारतीत जाऊन बसली. रोजची, साधी, कुणाला माहीत नसलेली प्रकरणं. एक मोठं रहस्य नाही, त्यामुळे गुप्तहेरांना काम नाही. त्या पर्वाची चर्चा पहिल्याच्या मानानं कमी झाली. माझ्या मते ते तिचं अधिक पक्कं काम आहे. प्रसिद्धीचा उपयोग करून तिनं श्रोत्यांना अशा जागी नेलं, जिथे ते स्वतःहून गेले नसते.

आणि आपल्या घराजवळचं उदाहरण टाळलं तर तुम्ही मला बाहेर गाठाल. (हशा) मुंबईचा रणवीर अलाहाबादिया. व्यायामाच्या व्हिडिओंपासून सुरुवात केलेला मुलगा, मग मंत्री, उद्योगपती, अध्यात्मवाले, सगळ्यांच्या लांबलचक मुलाखती. 2024च्या मार्चमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते पुरस्कार. 2025च्या फेब्रुवारीत तो दुसऱ्याच्या विनोदी कार्यक्रमात गेला, आईवडिलांवरून एक अत्यंत गलिच्छ प्रश्न विचारला, आणि देशभर गदारोळ झाला. महाराष्ट्र आणि आसाममध्ये पोलीस तक्रारी. सर्वोच्च न्यायालयानं अटकेपासून संरक्षण दिलं, पण काही काळ कार्यक्रम करायला मनाई केली. मार्चमध्ये सभ्यतेच्या अटीवर परवानगी मिळाली. त्याच्या वतीनं न्यायालयात सांगितलं गेलं की या कामावर 280 लोकांचा रोजगार अवलंबून आहे.

तो विनोद वाईटच होता, त्याचं समर्थन नाही. एका विनोदासाठी सरकारी यंत्रणा किती ताणायची, हा वेगळा आणि महत्त्वाचा प्रश्न आहे, तोही इथे सोडतो. मला दिसतं ते एवढंच. त्याच्या श्रोत्यांनी त्याला शांत, संस्कारी मोठ्या भावाच्या जागी बसवलं होतं. ती गादी होती. पण पॉडकास्टच्या भाषेत गादी हा शब्दच नाही, तिथे सगळं 'खरं' असतं. त्यामुळे गादीवरून उतरताना काही काढून ठेवावं लागतं, हे ना त्याला कळलं, ना लोकांना. लोकांना वाटलं घरातल्या माणसानं दगा दिला. आणि तो 280चा आकडा बघा. कीर्तनकाराच्या पिशवीत हार असतो, इथे पिशवीत 280 माणसांचे पगार आहेत. मग थांबावंसं वाटलं तरी कसं थांबणार? सोमवारी काही सांगण्यासारखं नसलं तरी सोमवार येतोच.

म्हणून मी मॅरनच्या थांबण्याला महत्त्व देतो. सोळा वर्षं, सोळाशेहून जास्त भाग. 2025च्या ऑक्टोबरात शेवटचा. पाहुणे पुन्हा ओबामा, पण या वेळी मॅरन त्यांच्या वॉशिंग्टनच्या कार्यालयात गेला होता. पूर्वी राष्ट्राध्यक्ष गॅरेजमध्ये आले होते, आता गॅरेजवाला माजी राष्ट्राध्यक्षांकडे गेला. आणि त्यानं त्यांना विचारलं काय, तर पुढे जायचं कसं. दमलेल्या माणसानं, आधी एक मोठं काम संपवलेल्या दुसऱ्या माणसाला विचारावं तसं. सुरुवातीचा तो कडवट प्रश्न, 'तुझं जमलं, माझं का नाही', त्याची जागा या प्रश्नानं घेतली होती. सोळा वर्षांत माणूस बदलला याचा मला मिळालेला हा सर्वांत भरवशाचा पुरावा. मधल्या काळातलं ते गॅरेजचं नाटक मी या शेवटासाठी माफ करतो.

माझा राग? तो गेला. थांबून त्यानं मला एक गोष्ट परत दिली, भांडी घासतानाची शांतता. तिची सवय व्हायला वेळ लागतोय.

(व्याख्यानानंतर श्रोत्यांतून प्रश्न आला: 'माझी मुलगी पॉडकास्ट करते. हळूहळू लोक तिला ओळखायला लागलेत. तिला काय सांगू?')

तुम्ही सांगून ती ऐकेल का, हा आधीचा प्रश्न. (हशा) गंमत सोडून देतो. मी दोन गोष्टी सांगेन. एक, घरातली अशी एखादी खोली ठरवून ठेव, जी माइकला कधीच दाखवायची नाही. आईचं आजारपण असेल, प्रेम असेल, काहीही. ज्या दिवशी विषय सुचणार नाही, त्या दिवशी ती खोली उघडायचा मोह होईल, म्हणून ते आधीच ठरवायचं. दुसरं, लोक ज्याच्यावर प्रेम करतायत तो आवाज तूच तयार केलास. तो चांगला आहे, पण ती सगळी तू नाहीस. आणि तुम्हाला स्वतःला सांगतो. ती घरी आल्यावर 'आजचा भाग छान झाला' एवढंच म्हणू नका. जेवलीस का, तेही विचारा. तो प्रश्न तिला श्रोत्यांकडून मिळणार नाही.